स्वखर्चाचे पुस्तक आणि साहित्यातील पंक्तिभेद

‘स्वखर्चाने काढलेय म्हणे.’ सीमाभागातील एखाद्या नव्या लेखकाची कादंबरी हाती आली की मराठी साहित्यव्यवहारातील प्रतिष्ठित मंडळी एवढे एकच वाक्य उच्चारतात आणि पुस्तक न उघडता बाजूला ठेवतात. त्यानंतर त्या कादंबरीत काय आहे, ती कोणत्या जीवनाविषयी बोलते, तिची भाषा कशी आहे, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. जणू छपाईचे बिल कोणी चुकते केले यावरच वाङ्मयाची प्रतवारी ठरते! आमचे स्पष्ट मत असे की हा वाङ्मयीन निकष नव्हे. हा पंगतीतला भेद आहे. ज्या समाजाने जवळजवळ सत्तर वर्षे सीमेवर राहून आपली भाषा टिकवली, त्याने तरी हा भेद निमूटपणे सोसू नये आणि स्वतःच्या घरात तर मुळीच पाळू नये, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले. पुढे जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले आणि धारवाडात अध्यापन करीत त्यांनी मराठी कथेला नवे परिमाण दिले. इंदिरा संत यांनी बेळगावात राहूनच आपली कविता लिहिली. त्यांचे पुत्र प्रकाश नारायण संत यांनी याच परिसरातील बालपण लंपनच्या रूपाने मराठी वाचकाच्या घरात नेऊन बसवले. तेव्हा मराठी कथा-कादंबरीच्या दारात आम्ही पाहुणे म्हणून उभे नाही. या घराच्या पायाभरणीत आमचे दगड आहेत. एवढे सांगितल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू.

सीमाभागात कादंबरी लिहायला बसणारा माणूस बहुधा कोण असतो? तो विद्यापीठातील प्राध्यापक नसतो, वृत्तपत्राचा संपादकही नसतो. तो निवृत्त प्राथमिक शिक्षक असतो, टपालखात्यात नोकरी केलेला असतो, उद्यमबागेतील फाउंड्रीत तीस वर्षे काढलेला कामगार असतो, वडगाव-शहापूरच्या मागावर बसलेल्या घरातील असतो, किंवा स्वयंपाक आटोपल्यावर दुपारी वाचनालयातील पुस्तक पुरे करणारी गृहिणी असते. लेखक होण्यापूर्वी चाळीस वर्षे तो केवळ वाचक असतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे. महाराष्ट्रातील पुष्कळ शहरांत वाचनालय नव्हते तेव्हा आमच्या गावात ते होते. अशा वाचनालयांतूनच हा वाचक घडला. त्याने शाळकरी वयात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडला, पुढे फडके-खांडेकर वाचले, शेजारच्या चंदगड तालुक्यातील कोवाडच्या रणजित देसायांची ‘स्वामी’ वाचली, एके दिवशी ‘कोसला’ हाती लागली आणि कादंबरी अशीही असते हे त्याला कळले. दर दिवाळीत अंकांची टोपी लावून आळीपाळीने वाचणारी चार घरे त्याच्या गल्लीत असतात. त्याला कोणी समीक्षक म्हणत नाही. परंतु त्याने वाचलेल्या पुस्तकांची वही काढली तर अनेक समीक्षकांना खाली पाहावे लागेल.

अशा वाचकाच्या मनात कधीतरी एक टोचणी सुरू होते. वाचलेल्या शेकडो कादंबऱ्यांत पुण्याचे वाडे आहेत, मुंबईच्या चाळी आहेत, कोकणातील अंगणे आहेत, मराठवाड्याचा दुष्काळ आहे. पण जिथे आई मराठीत अंगाई गाते आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, जिथे मुलाच्या शाळेचे माध्यम ठरवताना घरात दोन रात्री वाद होतो, जिथे शेजारची कन्नडभाषक अक्का बाळंतपणाला धावून येते आणि त्याच आठवड्यात चौकात भाषेवरून दगड उडतात, ते घर मराठी कादंबरीत क्वचितच आढळते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, गोळीबार पाहिला, ते आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या आठवणी वृत्तपत्रांच्या कात्रणांत आहेत, समितीच्या ठरावांत आहेत, न्यायालयातील कागदांत आहेत. परंतु त्या दिवशी घराचे दार आतून लावून बसलेल्या बाईला काय वाटले, हे कोणत्याही ठरावात नोंदलेले नसते. ते काम कादंबरीचे आहे. चाळीस वर्षांचा वाचक लेखणी उचलतो तो याच कारणासाठी. प्रसिद्धीची हाव हे त्याचे कारण नव्हे. वाचनालयाच्या कपाटात एक जागा रिकामी आहे, असे त्याला दिसलेले असते.

वह्या भरतात, मुलगा किंवा नात त्या टंकलिखित करून देते, आणि हस्तलिखित मोठ्या शहरातील प्रकाशकाकडे जाते. पुढे जे घडते त्याचे तीन प्रकार आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पहिला प्रकार मौनाचा. वर्ष उलटते, उत्तर येत नाही. दुसरा प्रकार उपदेशाचा. ‘कथानक चांगले आहे; पण भाषा प्रमाण करून पाठवा.’ तिसरा प्रकार व्यवहाराचा. ‘पुस्तक काढू, मात्र लेखकाने खर्चात सहभाग द्यावा लागेल.’ यांतील मौनाबद्दल आम्ही फारसे बोलत नाही. प्रकाशकांकडे हस्तलिखितांचे ढीग असतात आणि माणसे थोडी असतात, हे आम्ही जाणतो. उरलेल्या दोन प्रकारांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे.

‘भाषा प्रमाण करा’ याचा अर्थ काय? आमच्या मराठीत ‘की’ वाक्याच्या शेवटी येतो; ‘आलो की’, ‘होय की’ असे आम्ही सहज बोलतो. आमच्या बोलण्यात कन्नडचा हेल आहे, कन्नड शब्द आहेत. संपादकाच्या लाल शाईला हा विटाळ वाटतो. परंतु अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडमधून मराठीत आले, असे शाळेतील व्याकरणाची पुस्तकेच सांगतात. पुण्याच्या पानात वाढलेले तूप शुद्ध आणि आमच्या संवादातील शब्द अशुद्ध, हा न्याय कोणता? निवेदनाची भाषा सैल असेल, वाक्ये लांबलेली असतील, तर ती जरूर आवळावीत. ते संपादन होय. पण पात्राच्या तोंडची बोली काढून तेथे आकाशवाणीची मराठी बसवणे हे संपादन नव्हे. पात्राची जीभच कापण्याचा हा प्रकार आहे. प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ १९९४ मध्ये आले, तेव्हा कन्नड मुलखाच्या काठावरची हीच भाषा साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. लंपनच्या तोंडची भाषा कोणी ‘प्रमाण’ करून मागितली असती, तर लंपन उरला असता काय? जाणत्या संपादकाच्या हाती पडली की हीच बोली साहित्य ठरते आणि अजाण हाती पडली की दोष ठरते, याचा अर्थ दोष बोलीत नाही एवढाच होतो.

आता ‘सहभागा’विषयी. समजा, एका कादंबरीसाठी लेखकाने साठ हजार रुपये दिले. प्रकाशकाने आपल्या नावाचा शिक्का मारून तीनशे प्रती छापल्या, शंभर लेखकाच्या घरी पाठवल्या आणि उरलेल्यांचे पुढे काय झाले हे लेखकाला कधी कळले नाही. विक्रीचा हिशेब नाही, मानधन नाही, दुसऱ्या आवृत्तीचा प्रश्नच नाही. तरीही या पुस्तकाला कोणी ‘स्वखर्चाने काढलेले’ म्हणत नाही. कारण पाठीवर प्रकाशनसंस्थेचे नाव आहे. तेच साठ हजार लेखकाने उघडपणे मुद्रकाला दिले, मुद्रितशोधकाला दिले, चित्रकाराला दिले, पाचशे प्रती स्वतःच्या ताब्यात ठेवल्या आणि प्रत्येक प्रतीचा हिशेब राखला, की तो मात्र हौशी ठरतो! दोन्ही ठिकाणी पैसा लेखकाचाच. पहिल्या ठिकाणी तो झाकलेला आहे, दुसऱ्या ठिकाणी उघडा आहे. आमच्या दृष्टीने उघडा व्यवहार अधिक प्रतिष्ठेचा आहे. सगळेच प्रकाशक असे वागतात, असा आमचा आरोप नाही. स्वतःची पुंजी घालून नव्या लेखकाला उभे करणारे प्रकाशक मराठीत होते आणि आजही आहेत. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. आमचा आक्षेप उसन्या प्रतिष्ठेच्या बाजाराला आहे.

या बाजारात जाण्यापूर्वी आमच्या लेखकांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा तरी समजून घ्यावा. लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी करारानेच देता येतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा ओळीखाली साठ हजार रुपये देऊन सही करणारा लेखक पैसा आणि पुस्तक दोन्ही गमावून बसतो.

स्वतःचे लेखन स्वतःच्या बळावर लोकांपुढे आणणे, हे मराठीत नवे आहे काय? हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक स्वतः सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध केली. लेखक तेच, संपादक तेच. मराठी कादंबरीचा मानदंड ज्यांना म्हणतात, त्यांची वाट ही होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचे आरंभीचे भाग ‘दीनबंधू’त आले आणि पुढचे छापणे थांबले. दीनबंधू हे तर सत्यशोधकांचेच पत्र! स्वकीय संपादकालाही जे छापणे जड गेले, ते आज मराठी गद्याच्या अग्रभागी आहे. संपादकाचा नकार हा साहित्याचा अंतिम निकाल मानला असता, तर मराठी केवढ्या संपत्तीला मुकली असती, याचा विचार व्हावा.

आणि केवळ मराठीचेच उदाहरण कशाला? कन्नडमध्ये ‘गळगनाथ’ या नावाने लिहिणारे वेंकटेश तिरको कुलकर्णी (१८६९–१९४२) यांनी आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या, स्वतः ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या आणि आपल्या पुस्तकांचे ओझे स्वतः वाहून गावोगाव विकले. कन्नड समाज त्यांना कादंबरी पितामह म्हणून गौरवतो. आमचा लढा कन्नड भाषेशी नाही, सक्तीशी आहे, हे आम्ही नेहमी सांगत आलो. त्या भाषेकडून घेण्यासारखे असेल ते घ्यावे. पुस्तके डोईवर घेऊन फिरणाऱ्या लेखकाला पितामह म्हणण्याचा मोठेपणा हा त्यांतला एक भाग आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ‘स्वप्रकाशित पुस्तके वाईट असतात, त्यांत मुद्रणदोषांचा सुकाळ असतो, प्रस्तावनांची रांग असते, मलपृष्ठावर लेखकाचा सत्कारसमारंभातील फोटो असतो, आणि दीडशे पानांची गोष्ट चारशे पानांत सांगितलेली असते.’ होय, अशी पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु यावरून स्वप्रकाशन हेच वाईट, असे सिद्ध होत नाही. प्रकाशक जी कामे करतो ती कोणीतरी करावीच लागतात, एवढेच यावरून सिद्ध होते. कादंबरी छापखान्यात जाण्यापूर्वी ती तीन परक्या वाचकांनी वाचलेली असली पाहिजे. त्यांतला एक तरी असा असावा की ज्याला लेखकाची भीड नाही. त्यानंतर मुद्रितशोधन मोबदला देऊन करून घ्यावे. घरच्या माणसाला घरच्या माणसाची चूक दिसत नाही. जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये करून त्याची संचिका जपून ठेवावी. अन्यथा दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना सारे पुन्हा टंकलिखित करावे लागते. आणि पहिल्या झटक्यात हजार प्रती मुळीच छापू नयेत. ऑफसेटच्या काळात कमी प्रती परवडत नसत. आज डिजिटल छपाईमुळे शंभर-दोनशे प्रतींपासून आरंभ करता येतो. पलंगाखाली धूळ खात पडलेल्या सातशे प्रतींनी जितके लेखक मोडले, तितके कोणत्याही टीकेने मोडले नसतील.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर हा मार्ग आश्चर्य वाटावे इतका मोकळा आहे. भारतात पुस्तक प्रसिद्ध करण्यास कोणाचाही परवाना लागत नाही. आयएसबीएन हा १३ अंकी क्रमांक नवी दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः त्यासाठी अर्ज करू शकतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. याचे महत्त्व सीमाभागात राहणाऱ्यालाच कळेल. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी, असा कायदा कर्नाटकाने केला. सरकारी कागद मराठीत मागितला तर हेलपाटे घालावे लागतात. न्यायालयातील दावा २००४ पासून प्रलंबित आहे आणि तारखेची वाट पाहणे आमच्या हाती नाही. परंतु एका मराठी माणसाने आपल्या घरी बसून तीनशे पानांची मराठी कादंबरी लिहिली आणि छापली, तर तिच्यातले एकही अक्षर कोणाला विचारून लिहावे लागत नाही. आमच्या सार्वजनिक जीवनात इतकी मुक्त जागा दुसरी नाही. आणि नेमक्या त्याच जागेला आम्ही ‘हौसेचे काम’ म्हणून हिणवावे?

आणखी एक कर्तव्य आहे आणि ते जवळजवळ सर्वजण विसरतात. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि प्रत्येकी एक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियत ग्रंथालयांस तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने पाठवावयाची असते. जो लेखक स्वतः प्रकाशक, त्याच्यावर हे बंधन आहेच. पण आमच्या मते ते बंधनापेक्षा संरक्षण अधिक आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. प्रती अवघ्या पाचशे. समकालीनांनी ते हेटाळले आणि पुढे ते विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मराठीला कळले की आपल्याकडे केवढे पुस्तक होते. हे शक्य झाले, कारण कोठेतरी एक प्रत उरली होती. आज ज्या कादंबरीला कोणी विचारत नाही, तिचा वाचक नव्वद वर्षांनी जन्मणार नाही, असे कोण सांगू शकेल? चार प्रती आणि टपालखर्च एवढ्या मोलात ही शक्यता राखता येते.

येथवर महाराष्ट्रातील प्रतिष्ठितांना बोललो, आता घरातल्यांना. हिवाळा आला की आमच्या खेड्यांत साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी या गावांनी जे करून दाखवले आहे, ते महाराष्ट्रातील कित्येक जिल्ह्यांनाही साधलेले नाही. लोकवर्गणीतून मांडव उभा राहतो, ग्रंथदिंडीत सारे गाव उतरते, हजारो माणसे दिवसभर भाषणे ऐकतात. या चळवळीचा आम्हाला अभिमान आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आहे: संमेलनाच्या खर्चात पाहुण्यांचा प्रवास, निवास, शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांवर किती जाते, आणि सीमाभागातील लेखकांची पुस्तके विकत घेण्यावर किती? आमचा स्वतःचा कादंबरीकार मांडवाच्या कडेला सतरंजीवर वीस प्रती मांडून बसलेला असतो. पाहुण्यांना तो आपली प्रत भेट देतो, अध्यक्षांना देतो, सरपंचांना देतो. ओळखीचे लोक येऊन पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, ‘आम्हाला नाही का दिली?’ संध्याकाळी वीस प्रती संपतात आणि खिशात चार प्रतींचे पैसे असतात. उसाला भाव मागणारा, दुधाला भाव मागणारा आमचा समाज लेखकाच्या तीन वर्षांच्या श्रमाची फुकट मागणी करताना जराही संकोचत नाही.

ग्रंथालयांचीही गोष्ट निराळी नाही. कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर वसूल होतो. तो मराठी घरमालकही भरतो. मग सार्वजनिक ग्रंथालयांत मराठी पुस्तके किती घेतली जातात, त्यांत याच जिल्ह्यातील लेखकांची किती, हे माहिती अधिकारात विचारणारे अर्ज आमच्यापैकी कितीजणांनी केले? पाट्यांसाठी आम्ही मोर्चे काढतो; कपाटांसाठीही काढले पाहिजेत. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र शासन आमच्या ८६५ गावांवर दावा सांगते. तो दावा आमचाही आहे. परंतु त्या गावांत लिहिल्या गेलेल्या कादंबरीवर महाराष्ट्राचा दावा का नसावा? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्यांतील शंभर ग्रंथालयांनी वर्षाकाठी सीमाभागातील दोन पुस्तके घेतली, तरी दोन लेखकांचा छपाईखर्च भरून निघेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हीही साजरा केला. अभिजात भाषेची सीमा राज्याच्या नकाशाएवढी असते काय, हे आता शासनाने सांगावे.

हे केवळ बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, भालकी किंवा कारवारचे गाऱ्हाणे नव्हे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी माणसालाही हा अनुभव नवा नसेल. हैदराबादला १९३१ मध्ये, ग्वाल्हेरला १९६१ मध्ये, इंदूरला २००१ मध्ये, बडोद्याला २०१८ मध्ये अखिल भारतीय संमेलन झाले; बेळगावला तर १९२९, १९४६ आणि २००० अशी तीनदा झाले. १९४६ च्या बेळगाव संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी दुमदुमली. संमेलने येतात आणि जातात. पाठीमागे त्या त्या नगरातील किती लेखक मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले, हा हिशेब कोणी मांडत नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, कारण वाचक घडवणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, असे ते मानीत. आज बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला असा राज्यकर्ता नाही. तेव्हा हे काम मंडळांनी, वाचनालयांनी आणि वाचकांनीच उचलावे लागेल.

म्हणून येत्या हंगामासाठी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. प्रत्येक ग्रामीण संमेलनाच्या स्वागत समितीने सीमाभागातील लेखकांच्या नव्या पुस्तकांच्या किमान पंचवीस प्रती रोख विकत घ्याव्यात आणि पाहुण्यांना स्मृतिचिन्हाऐवजी त्या द्याव्यात. उद्‌घाटनाच्या सत्रात एका तरी स्वप्रकाशित कादंबरीवर, ती वाचून आलेल्या माणसाने, परखडपणे वीस मिनिटे बोलावे. गौरवपर भाषण नको, चिकित्सा हवी. प्रत्येक वाचनालयाने हस्तलिखित वाचून प्रांजळ मत देणाऱ्या पाच वाचकांचे मंडळ नेमावे. इंदूरचे पुस्तक बेळगावात आणि बेळगावचे हैदराबादेत पोचावे यासाठी मंडळांनी आपसांत यादी आणि प्रती यांची देवघेव सुरू करावी. टपालखात्याने नोंदणीकृत पुस्तकांची जुनी स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा लहान प्रकाशकांचे कंबरडे मोडले होते. मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ योजनेचे नियम पाहून मंडळांनी तिचा लाभ घ्यावा. समीक्षकांकडे आमची एकच मागणी आहे: पुस्तकाचे पहिले पान वाचावे आणि मग हवे तेवढे कठोर बोलावे. वाईट पुस्तकाला वाईट म्हटल्याने आमचा अपमान होत नाही. न वाचता म्हटल्याने होतो.

आणि वाचकांनो, तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कोणी कादंबरी लिहिली असेल, तर तिची भेटप्रत मागू नका. मोबदला देऊन प्रत घ्या, वाचा, आणि जे खटकले ते लेखकाच्या घरी जाऊन सांगा. दुसरी कादंबरी त्यातूनच लिहिली जाते.